माधवरावांच्या बदल्या

त्र्यंबकेश्वराच्या देवस्थान ट्रस्टच्या अध्यक्षपदी नाशिकच्या जिल्हा न्यायालयातील न्यायाधीश बसतात, ही गोष्ट गावाच्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात काही विचारार्ह असेल असे कोणाच्या मनातही येत नाही. ज्याने न्यायासनावर बसून साक्षीपुरावा ऐकावयाचा, त्यानेच देवस्थानच्या सभेत दर्शनबारीची व्यवस्था, दानपेटीचा हिशेब आणि पुजारी व विश्वस्त यांच्यातील कुरबुरी यांतही लक्ष घालावयाचे. ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी ही रीत खपून जाते, कारण या कामातून न्यायाधीशाला मनस्तापापलीकडे फारसे काही मिळत नाही हे सर्वांना ठाऊक असते. २०२७ च्या सिंहस्थाची तयारी चालू असताना तर हा मनस्ताप वाढतच जाणार. परंतु हाच प्रश्न दिल्लीत उभा राहिला की त्याचे रूप पालटते.

सर्वोच्च न्यायालयाचे सरन्यायाधीश पी. सदाशिवम २०१४ साली निवृत्त झाले आणि त्याच वर्षी केरळचे राज्यपाल झाले. सरन्यायाधीश रंजन गोगोई नोव्हेंबर २०१९ मध्ये निवृत्त झाले आणि मार्च २०२० मध्ये राज्यसभेवर नामनियुक्त झाले. अशा प्रत्येक नेमणुकीनंतर वृत्तपत्रांतून ठराविक वाद झडतो आणि ठराविक उत्तरे मिळतात. नेमणुकीचे समर्थक म्हणतात, न्यायाधीशही नागरिकच आहे. त्याचा अनुभव राष्ट्राने वाया का दवडावा? आणि महाराष्ट्रात हा वाद निघाला की कोणी ना कोणी हमखास एक नाव पुढे करतो: न्यायमूर्ती रानडे. ते न्यायाधीश होते आणि राजकारणीही होते, मग आजच्यांनीच काय पाप केले, असा त्या नावामागचा युक्तिवाद. दाखला मोठा आहे. म्हणूनच तो साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा करून तपासला पाहिजे.

महादेव गोविंद ऊर्फ माधवराव रानडे आमच्याच जिल्ह्यातले. त्र्यंबकला उगम पावलेली गोदावरी पुढे ज्या निफाड तालुक्याच्या शिवारातून वाहत जाते, त्या निफाड गावी १८ जानेवारी १८४२ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील गोविंदराव तेथील मामलेदार कचेरीत नोकरीस होते. पुढे कुटुंब कोल्हापुरास गेले. त्या बैलगाडीच्या प्रवासात रात्री सगळे पेंगत असताना लहानगा महादेव गाडीतून खाली पडला, आणि मागून घोड्यावरून येणाऱ्या काकांची चाहूल लागताच आपण पडलो आहोत असे त्याने स्वतःच हाक मारून सांगितले, अशी आठवण त्यांच्या पत्नी रमाबाईंनी आपल्या आत्मचरित्रात नोंदवून ठेवली आहे. मुंबई विद्यापीठाच्या १८५९ च्या पहिल्याच प्रवेशपरीक्षेत ते उत्तीर्ण झाले. १८६२ मध्ये बी. ए., १८६४ मध्ये एम. ए., १८६६ मध्ये एलएल. बी. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत असताना मराठेशाहीच्या राज्यकारभाराची इंग्रजी कारभाराशी तुलना करणारा एक निबंध त्यांनी लिहिला, तेव्हा प्रिन्सिपॉल सर अलेक्झांडर ग्रँट यांनी सहा महिने त्यांची शिष्यवृत्ती तहकूब केली. स्वतंत्र मताची किंमत खिशातून मोजावी लागते, हा धडा त्यांना न्यायाधीश होण्यापूर्वीच मिळालेला होता.

अक्कलकोटचा कारभार, कोल्हापूरची न्यायाधिशी, एल्फिन्स्टनमध्ये प्राध्यापकी असे फेरे होऊन १८७१ साली त्यांनी अॅडव्होकेटची परीक्षा दिली. मुंबईच्या हायकोर्टात वकिली करून पैसा आणि मोकळीक या दोहोंचा लाभ घेण्याचा मार्ग त्यांना खुला होता. त्यांनी त्याच वर्षी पुण्याच्या सबजज्जाची जागा पत्करली. कोल्हापुरास असतानाच त्यांच्या न्यायबुद्धीची परीक्षा घरातच झाली होती. एका आप्ताने आपल्या दाव्याचे कागद घरी आणून वडिलांकरवी भीड घातली. वडिलांसमोर मान वर न करणाऱ्या या मुलाने कागद पाहण्याचे नाकारले, आणि हा आग्रह असाच चालला तर बदली मागून घ्यावी लागेल, असे सांगून टाकले. या माणसाच्या आयुष्यात बदली हा शब्द प्रथम आला तो असा, स्वतःच्या तोंडून. पुढे तो सरकारच्या तोंडून येणार होता.

पुण्यात ते आले तेव्हा सार्वजनिक सभेला जेमतेम दीड वर्ष झाले होते. २ एप्रिल १८७० रोजी स्थापन झालेल्या या संस्थेचा उगम पर्वती देवस्थानच्या कारभाराविषयीच्या तक्रारींत होता, हे त्र्यंबकच्या वाचकाने मुद्दाम ध्यानी घ्यावे. पंचांनी हिशेब नीट ठेवावा म्हणून जमलेल्या लोकांच्या लक्षात आले की प्रश्न पर्वतीपुरता नाही, साऱ्या राज्याचाच हिशेब कोणी तरी मागितला पाहिजे. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, सभेचे हातपाय होते. डोके लवकरच माधवरावांचे झाले. शेतसारा, जंगल, मीठ, दुष्काळ या विषयांवरील सभेचे अर्ज सरकारदरबारी जाऊ लागले, हिंदुस्थानास पार्लमेंटात प्रतिनिधी मिळावेत अशी मागणी विलायतेस गेली, आणि १८७६-७७ च्या भयंकर दुष्काळात सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून मिळविलेली माहिती सरकारी अहवालांना जाहीरपणे खोटे ठरवू लागली. अर्जांवर सही काकांची किंवा सभेच्या चिटणिसांची असे. आतले वाक्य कोणाचे, हे सेक्रेटरिएटमध्ये बसलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांनाही वाचताक्षणीच कळत असे.

अशा न्यायाधीशाचे काय करावे? त्याच्या निवाड्यांत खोट काढता येत नव्हती, अपिलांत ते टिकत होते, आणि हायकोर्टातील इंग्रज न्यायमूर्ती त्याची तारीफ करीत होते. सरकारने सर्वांत सोपा उपाय केला: १८७८ च्या आरंभी त्यांची नाशिकला बदली केली. ज्या जिल्ह्यात हा माणूस जन्मला तोच जिल्हा त्याला दूर ठेवण्यासाठी निवडला गेला, याचे थोडे हसू येते. शिवाय नाशिक म्हणजे काही निरुपद्रवी कोपरा नव्हता. डिसेंबर १८५७ मध्ये आमच्या त्र्यंबकच्या सरकारी खजिन्यावर भिल्ल आणि ठाकूर तुटून पडल्याला तेव्हा अवघी वीस वर्षे लोटली होती. परंतु सरकारच्या हिशेबी धोका डोंगरातल्या कोयत्यात नव्हता. तो पुण्यातल्या लेखणीत होता. नाशिकला माधवरावांना सहवास मिळाला तो लोकहितवादींचा. गोपाळराव देशमुख तेथे न्यायखात्यातच होते आणि निवृत्तीच्या उंबरठ्यावर उभे होते. लेखणी मात्र नाशिकला येऊन थांबली नाही. सार्वजनिक सभेचे त्रैमासिक त्याच १८७८ साली निघाले, आणि त्यातील बरेचसे लिखाण बिनसहीचे आणि माधवरावांचे असे.

पुढच्याच वर्षी प्रकरण चिघळले. वासुदेव बळवंत फडक्यांचे बंड चालू असताना मे १८७९ मध्ये पुण्यात बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाडा यांना आगी लागल्या. कोर्टाच्या सुटीनिमित्त माधवराव तेव्हा पुण्यातच होते. सुटी संपण्याची वाट न पाहता त्यांस तत्काळ धुळ्यास रुजू होण्याचा हुकूम आला. स्नेह्यांनी हरकत घेण्याचा सल्ला दिला. नोकरी आहे तोवर हुकूम मानणे प्राप्त आहे, या विचाराने ते उन्हाळ्यातच निघून गेले. धुळ्यास त्यांचे टपाल फोडून वाचले जाऊ लागले. मग काही विचित्र पत्रे येऊ लागली: अमुक ठिकाणी दंगा होणार, तमुक ठिकाणी दरोडा पडणार, खाली सही वासुदेव बळवंतांची किंवा दौलतराव रामोशाची. ही पत्रे म्हणजे सापळा होता. जवळ ठेवली तर कटात सामील, फाडली तर पुरावा नष्ट केला. माधवरावांनी ती जशी आली तशी पोलिसांकडे पाठवून दिली. काही महिन्यांनी संशय फिटला आणि तेथील इंग्रज अधिकाऱ्याने आपण होऊन तसे बोलून दाखविले. पण सर्व काळ हा माणूस रोज अकरा वाजता न्यायासनावर बसत होता आणि त्याच सरकारच्या नावाने हुकूमनामे करीत होता, हे चित्र क्षणभर डोळ्यांपुढे आणले पाहिजे. आजच्या कोणा न्यायाधीशाला राजकारणाने असे काही दिले असेल, तर त्याने खुशाल रानड्यांचा दाखला द्यावा.

माझे म्हणणे एवढेच आहे. न्यायाधीशाचा लोककारणाशी संबंध असावा की नसावा, हा प्रश्नच चुकीच्या टोकाने धरलेला आहे. प्रश्न आहे तो लाभाचा ओघ कोणीकडून कोणीकडे वाहतो हा. माधवरावांनी न्यायासनावर असताना राजकारण केले, आणि त्या राजकारणाने त्यांच्या नोकरीची किंमत वसूल केली; आज न्यायासनावर असताना राजकारणापासून दूर राहिल्याची ग्वाही दिली जाते आणि निवृत्तीनंतर राजकारणच बक्षीस होऊन दारी येते. पहिल्यात सत्तेने निवाड्यावर रुष्ट होण्याचा धोका होता. दुसऱ्यात सत्ता निवाड्यावर प्रसन्न होते, आणि ती प्रसन्नता निवाड्याच्या आधीच न्यायाधीशाला ठाऊक असू शकते.

माधवरावांच्या न्यायदानाची आणि राजकारणाची गाठ कुठे पडत होती, हे पाहावयाचे तर १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याकडे वळावे लागते. मे १८७५ मध्ये सुप्यापासून दंगे पेटले, कुळांनी सावकारांच्या पेढ्यांवर चाल करून खते जाळली, तेव्हा चौकशीसाठी कमिशन बसले आणि त्यातून पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांसाठी हा कायदा झाला. तोपर्यंतची रीत अशी: सावकाराने कोर्टात खत दाखल करावे, अडाणी कुळाने समन्सला भिऊन किंवा वाटखर्च नाही म्हणून गैरहजर राहावे, मुन्सफाने खतावरचा अंगठा पाहून एकतर्फी हुकूमनामा द्यावा, आणि दरखास्त होऊन बैल जप्त झाले म्हणजे कुळाला आपला दावा झाल्याचे कळावे. नव्या कायद्याने न्यायाधीशावर कर्तव्य टाकले की खतावर न थांबता देण्याघेण्याचा इतिहास मुळापासून उकलावा, मुद्दल किती आणि व्याजाचे व्याज किती हे वेगळे काढावे. कर्जापायी शेतकऱ्याची कैद बंद झाली. तडजोडीसाठी सलोखे घडविणारे पंच आले. कागद खरा असूनही व्यवहार खोटा असू शकतो, हे या कायद्याने कोर्टाला अधिकृतपणे मान्य करावयास लावले.

या कायद्याच्या अंमलावर देखरेख करण्यासाठी १८८१ मध्ये माधवराव आले आणि १८८७ पासून विशेष न्यायाधीश म्हणून १८९३ पर्यंत राहिले. कामाचे स्वरूप फिरतीचे. तालुक्याच्या कोर्टात जावयाचे, सबजज्जांची दप्तरे उघडून पाहावयाची, निकाल चुकला असेल तर तो फिरवावयाचा, आणि मुक्कामी गावकऱ्यांशी बोलावयाचे. त्यांचे अर्थशास्त्र कॉलेजात घडले त्याहून अधिक या तंबूंत घडले, असे मला वाटते. हिंदुस्थानात भांडवल शेतीत न जाता सावकारीत का मुरते आणि विलायती अर्थशास्त्राचे सिद्धांत येथे जसेच्या तसे का लागू पडत नाहीत, हे त्यांनी पुढे मांडले ते एका कुळाच्या खातेउताऱ्यामागून दुसऱ्या कुळाचा खातेउतारा वाचूनच. न्यायाधीश राजकारणाला काय देऊ शकतो, याचे उत्तर येथे सापडते. दोन्ही पक्ष ऐकण्याची सवय, आकड्यांशिवाय न बोलण्याची सवय, आणि ज्याच्या विरुद्ध निकाल द्यावयाचा त्यालाही कारणे कळावीत इतक्या विस्ताराने लिहिण्याची सवय. सभेचे अर्ज वाचताना हेच जाणवते की हा वादीचा वकील बोलत नसून निकालपत्र वाचले जात आहे.

आता माधवरावांच्या बाजूने सारेच उजळ आहे, असे नाही. १८८५ मध्ये ते मुंबई कायदेकौन्सिलात सरकारनियुक्त सभासद झाले. पुढे सरकारी फिनान्स कमिटीवर बसले, सी. आय. ई. ची पदवी घेतली. टिळकांच्या पिढीला हे सारे बोचत असे, आणि बोचणे अगदीच निष्कारण नव्हते. सहीशिवाय लिहिणे हेही एका अर्थी सरकारी नोकराचे कवच होते. त्यांच्या समन्वयाच्या वृत्तीला घरात जी फळे आली ती अधिक कडू होती. विधवाविवाहाचे पुरस्कर्ते माधवराव १८७३ मध्ये पहिली पत्नी वारताच वडिलांच्या आज्ञेपुढे झुकले आणि अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न करून बसले. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याचे निमित्त होऊन ग्रामण्य माजले, तेव्हा १८९२ मध्ये मित्रांच्या अडचणींखातर त्यांनी प्रायश्चित्त घेतले. प्रायश्चित्ताचे विधी ज्यांच्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले त्या त्र्यंबकच्या वाचकांना त्या विधीचा अर्थ समजावयास नको, पण ज्याला आपण पाप केले असे वाटतच नाही त्याने ते घ्यावे, यातील विसंगती त्यांनाही जाणवेल. दोन्ही बाजू ऐकणाऱ्या माणसाला घरच्या वादात एका बाजूला उभे राहणे जमले नाही, असे मी म्हणेन. भित्रेपणाचा आरोप मात्र धुळ्याच्या टपालानंतर टिकत नाही. डॉ. आंबेडकरांनी १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात रानडे जयंतीला जे भाषण केले त्यात त्यांनी रानड्यांचे मोठेपण नेमके येथेच शोधले, की सरकारशी लढण्यापेक्षा आपल्याच समाजाशी लढणे कठीण असते. ज्या आंबेडकरांना १९३० मध्ये नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दाराशी सत्याग्रह करावा लागला, त्यांनी हे म्हणावे, याला वजन आहे.

आणि कायदेकौन्सिलाच्या नेमणुकीचे म्हणाल, तर ती लाभाची होती की कामाची, हे नेमणारा आणि नेमला गेलेला या दोघांच्या वागण्यावरून ठरते. सरकार तेव्हाही न्यायासनाचा उपयोग जाणूनबुजून करीत असे. काशिनाथ त्र्यंबक तेलंग काँग्रेसच्या उभारणीत पुढे होते. १८८९ मध्ये ते हायकोर्टावर गेले आणि त्यांचे राजकारण थांबले. बद्रुद्दीन तैयबजी १८८७ च्या काँग्रेसचे अध्यक्ष, १८९५ मध्ये न्यायमूर्ती. नारायण गणेश चंदावरकर १९०० च्या लाहोर काँग्रेसचे अध्यक्ष, लगोलग न्यायमूर्ती. लोकहितवादी १८७९ मध्ये निवृत्त होताच पुढच्या वर्षी कौन्सिलात आणि १८८४ मध्ये रतलामच्या दिवाणगिरीवर. या सर्व थोर माणसांविषयी पूर्ण आदर बाळगूनही म्हणावे लागते की ओघ राजकारणाकडून पदाकडे होता. रानड्यांना हायकोर्ट मिळाले ते नोव्हेंबर १८९३ मध्ये, तेलंग अकाली निवर्तल्यावर त्यांच्या रिकाम्या जागी. आणि तेथे बसल्यावरही १८९५ मध्ये सार्वजनिक सभा हातची जाताच त्यांनी १८९६ मध्ये डेक्कन सभा काढण्यात पुढाकार घेतला. पद मिळाल्यावर गप्प बसणे हा सौद्याचा भाग असतो. येथे सौदा झालाच नव्हता.

अमेरिकेतील लोकराज्याच्या प्रारंभीचे न्यायाधीश या बाबतीत फारसे सोवळे नव्हते, हे आमच्याकडील वकीलमंडळी आवर्जून सांगतात. ते खरेच आहे. पहिले सरन्यायाधीश जॉन जे पदावर असतानाच १७९४ मध्ये वकिलातीचे काम घेऊन लंडनला गेले, तह करून आले आणि १७९५ मध्ये न्यूयॉर्कचे गव्हर्नर होऊन न्यायासन सोडते झाले. जॉन मार्शल परराष्ट्रमंत्री असताना १८०१ मध्ये सरन्यायाधीश नेमले गेले आणि काही आठवडे दोन्ही खुर्च्या त्यांच्याच होत्या. मंत्री म्हणून जी नेमणूकपत्रे पोचती करावयाचे राहून गेले, त्यांतील एकावरूनच १८०३ चा प्रसिद्ध मार्बरी खटला त्यांच्यापुढे आला आणि निकाल त्यांनीच दिला. पण याचे समर्थन करताना लोक विसरतात की ते राष्ट्र स्वतःचे नियम स्वतःच घडवीत होते, आणि मार्शल पुढे १८३५ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, त्या खुर्चीवरून उठले नाहीत. आजन्म न्यायाधीश राहणाऱ्याला निवृत्तीनंतर कोणते आमिष दाखविणार?

आमच्या न्यायाधीशांना वयाची अट आहे, आणि सारा घोटाळा त्या अटीनंतरच्या वर्षांत आहे. घटनेच्या १२४ व्या कलमाने सर्वोच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायाधीशाला कोठल्याही कोर्टात वकिली करण्यास मनाई केली. सरकारी पद घेण्यास केली नाही. मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील विधि आयोगाने १९५८ च्या आपल्या चौदाव्या अहवालात ही उणीव दाखवून, निवृत्त न्यायाधीशांनी सरकारी नेमणुका घेऊ नयेत, अशी स्पष्ट शिफारस केली. त्या आयोगावर मुंबईचे मुख्य न्यायाधीश महंमद करीम चागला सभासद होते. आणि त्याच वर्षी चागलांनी न्यायासन सोडून अमेरिकेतील राजदूतपद स्वीकारले. सेटलवाडांनी पुढे आत्मचरित्रात त्यावर नाराजी नोंदविली. चागला मोठे न्यायाधीश होते, त्यांच्या निवाड्यांविषयी कोणी ब्र काढला नाही, म्हणूनच हे उदाहरण अधिक बोलके आहे: शिफारस करणाऱ्यांपैकीच एकाला मोह आवरला नाही, तर हा प्रश्न इतरांच्या सदसद्विवेकबुद्धीवर सोडून भागणार नाही.

तेव्हा उपाय कायद्याचाच हवा. सर्वोच्च आणि उच्च न्यायालयांच्या निवृत्त न्यायाधीशाने काही ठराविक वर्षे, निदान तीन तरी, केंद्र वा राज्य सरकारच्या मर्जीने मिळणारे कोणतेही पद, नामनियुक्त सभासदत्व किंवा राज्यपालपद घेऊ नये, असे कलम घटनेत घालावे, आणि त्या बदल्यात त्यांचे निवृत्तिवेतन पूर्ण पगाराइतके करावे; न्यायाधिकरणांच्या अध्यक्षपदासाठी न्यायाधीश लागतात हे खरे, तर त्या नेमणुका सरकारच्या हातून काढून न्यायालयांच्याच हाती द्याव्यात. लेख लिहिण्यास, व्याख्याने देण्यास, शेतकऱ्यांच्या कर्जाविषयी किंवा गोदावरीच्या पाण्याविषयी सरकारला खडसावण्यास, एखाद्या देवस्थानचा हिशेब तपासण्यास त्यांना कोणी अडवू नये. सिंहस्थानंतरच्या लोकसभेत मत मागावयास येणाऱ्या नाशिकच्या उमेदवारांना १९५८ च्या त्या अहवालाविषयी विचारावे, आणि उत्तर लेखी घ्यावे.